गावकीचा पैसा आणि मोबाइलमधलं पाकीट
(वाचकांचे हिशेबाचे प्रश्न, उत्तरं अक्कांची)

मागच्या अंकात एका वाचकाला "क्रिप्टोतली, म्हणजे बिटकॉइनसारख्या इंटरनेटवरच्या नाण्यांतली, देणगी घ्यावी की नको ते पुढच्या खेपेला सांगते" असं लिहून मोकळी झाले आणि ते अंगाशी आलं. ह्या एकाच विषयावर अकरा पत्रं आली. त्यांतली दोन पोस्टकार्डावर! पोस्टकार्डावर बिटकॉइनची चौकशी करणारा वाचक आमच्या बेळगाव भागाशिवाय कुठं मिळायचा नाही. मी चौतीस वर्षं पतसंस्थेत खतावण्या लिहिल्या, हे नाव ऐकलं ते निवृत्तीनंतर. काही बंगळूरच्या भाच्याकडून शिकले, काही स्वतःचे पैसे घालवून शिकले. पाच पत्रं घेतली आहेत. उरलेल्यांचा प्रश्न ह्यातल्याच कुठल्या तरी पत्रात सापडेल.

प्रश्न : अक्का, जांबोटी रस्त्यावरच्या एका गावात आमचं वाचनालय आहे. संस्था नोंदवलेली आहे, पुस्तकं चारेक हजार. कौलं फुटलीत, गेल्या पावसात दोन कपाटांना बुरशी धरली. जुनी पुस्तकं स्कॅन करून सगळ्यांना फुकट वाचायला ठेवावीत असं पोरांच्या मनात आहे. बंगळूरला असणारा गावचा मुलगा म्हणतो, पावती पुस्तक घेऊन काय फिरताय, वॉलेट (क्रिप्टोचं मोबाइलमधलं पाकीट) काढा. परदेशातल्या ग्रँटच्या फेरीत नाव घातलं की शंभराचे हजार होतात म्हणे. कमिटीत दोन तट पडलेत. खरं काय? — चिटणीस, खानापूर तालुका

उत्तर : शंभराचे हजार असं कुणी म्हटलं की मी आधी पर्स काखेत घट्ट धरते. पण हा मुलगा थाप मारत नाही. अर्धं सांगतोय एवढंच.

त्याच्या मनात आहे ती गिटकॉइनसारखी फेरी. गिटकॉइन हे खुल्या सॉफ्टवेअरला पैसा मिळवून देणारं इंटरनेटवरचं ठिकाण निघालं २०१७ साली, आणि २०१९ पासून त्यावर ग्रँटच्या फेऱ्या सुरू झाल्या. फेरीत दोन प्रकारचा पैसा असतो. मोठ्या देणगीदारांनी आधीच भरून ठेवलेला सामाईक निधी हा एक, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांनी आवडलेल्या कामाला दिलेले पाच-दहा डॉलर हा दुसरा. सामाईक निधी कुणाला किती द्यायचा हे कमिटी बसून ठरवत नाही, एक सूत्र ठरवतं. इथेरियम नावाच्या क्रिप्टो नेटवर्कचे एक जनक विटालिक ब्युटेरिन, झोई हिट्झिग आणि ग्लेन वेल ह्या तिघांनी २०१८ साली ते मांडलं. क्वाड्रॅटिक फंडिंग म्हणतात त्याला. नाव अवघड आहे, पण लक्ष्मीच्या यात्रेची वर्गणी ज्यानं एकदा काढली त्याला कळायला पाच मिनिटं पुरतात.

पाटीवर मांडून बघू. सामाईक निधी १,००,००० रुपयांचा धरा आणि रिंगणात दोनच कामं. तुमच्या वाचनालयाला १०० माणसांनी १००-१०० रुपये दिले, झाले १०,०००. दुसऱ्या कामाला चौघांनी २,५००-२,५०० दिले, तेही १०,०००. पावती पुस्तकात दोघं बरोबरीत. आता प्रत्येक देणगीचं वर्गमूळ काढा, सगळ्या वर्गमुळांची बेरीज करा आणि त्या बेरजेचा वर्ग करा. शंभराचं वर्गमूळ १०, शंभर माणसांचं मिळून १,०००, त्याचा वर्ग १०,००,०००. अडीच हजाराचं ५०, चौघांचं २००, वर्ग ४०,०००. दोन्हीतून मिळालेले दहा-दहा हजार वजा केले की तुमची बाजू ९,९०,००० आणि समोरच्याची ३०,०००. निधी एकच लाखाचा, म्हणून ह्या प्रमाणात वाटायचा. तुम्हाला ९७,०५९ आणि त्याला २,९४१. आणि एखाद्या कंत्राटदारानं एकट्यानंच १०,००० दिले असते तर? वर्गमूळ १००, वर्ग १०,०००, वजा १०,०००. हातात शून्य.

म्हणजे हे सूत्र रक्कम कमी बघतं आणि डोकी जास्त मोजतं. देवळाच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाटीचा नियम बरोबर उलटा केलाय. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी भाच्याला म्हटलं, अरे, हे तर आमच्या शेवंताबाईंच्या दहा रुपयांना मान देणारं गणित आहे. (शेवंताबाई म्हणजे कुणी एक नव्हे. प्रत्येक गावात असतात.)

पण जिथं डोकी मोजतात तिथं खोटी डोकी येतात. आपल्याकडे सिबिल म्हटलं की कर्जदाराच्या पोटात गोळा येतो, ते स्कोअरमुळे. ह्या जगात सिबिल म्हणजे एकाच माणसानं शंभर वॉलेटं काढून शंभर देणगीदार असल्याचं सोंग आणणं. वरच्याच उदाहरणात तुमच्या जागी कंत्राटदार असेल आणि त्यानं आपले १०,००० शंभर वॉलेटांत फोडले तर शून्याऐवजी ९७,०५९ त्याच्या घरात. म्हणून देणगीदार खरा माणूस आहे का हे तपासण्याची व्यवस्था नंतर आली, आणि लबाडी दिसली की निधी रोखतात. तुमचा मुलगा उद्या म्हणाला की गावातल्या सगळ्यांची वॉलेटं मीच काढून देतो आणि मीच दहा-दहा रुपये भरतो, तर त्याला तिथंच थांबवा. त्याला ती गावाची मदत वाटेल. त्याचं नाव तेच, सिबिल.

आता त्यानं न सांगितलेलं अर्धं. परदेशातून देणगी घेणाऱ्या संस्थेला आपल्या देशात एफसीआरए हा २०१० चा कायदा लागू होतो. दिल्लीची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी स्रोताकडून एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणी हवी तर संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत आपल्या कामावर १५ लाख रुपये खर्च केलेला हवा. तुमच्या वाचनालयाचा वर्षाचा खर्च मला माहीत नाही, पण पत्राला वापरलेल्या कागदावरून अंदाज आला. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा पहिल्यांदा उतरायला हवा तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेनं तो घेऊन पुढं तुम्हाला द्यायचा, ही जुनी पळवाटही त्याच दुरुस्तीनं बंद झाली. आणि वॉलेटला नाव नसतं. आलेल्या चाळीस देणग्यांत परदेशी एकही नव्हता हे उद्या साहेबांपुढं कसं दाखवणार? क्यूआर कोड भिंतीवर लावणं सोपं आहे. त्यातून आलेल्या पैशाला वडिलांचं नाव विचारणं अवघड.

तेव्हा संस्थेच्या नावानं वॉलेट काढू नका, हे माझं मत. कौलांसाठी तर नाहीच नाही. ह्या फेऱ्या मुख्यतः सगळ्यांना खुल्या सॉफ्टवेअरसाठी आणि इथेरियमच्या कामासाठी असतात, त्यांत गळक्या छपराला कोण विचारतो?

पण सूत्र मात्र उचला. एखाद्या मोठ्या देणगीदाराला गाठा आणि सांगा, तुमचे पन्नास हजार असे देऊ नका. गावातली जितकी घरं वर्गणी देतील तितके पाचशे तुम्ही घाला, पन्नास हजारांपर्यंत. घर दहा रुपये देवो नाहीतर हजार, तुमचे पाचशेच. वर्गमूळ नको, पाटी नको, आणि कमिटीतली पोरं दारोदार जातील. ह्याला कायदा आडवा येत नाही. चंदगडचा, गडहिंग्लजचा देणगीदारही चालतो. आपली सीमा कोर्टात असेल, एफसीआरएला ती दिसत नाही. मस्कत-दुबईला असलेल्या गावकऱ्यांचं काय? पासपोर्ट भारताचा असेल आणि पैसा स्वतःच्या कमाईचा, बँकेच्या नेहमीच्या वाटेनं येत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्ट बदलला की माणूस बदलला. खानापूर तालुक्यातल्या बऱ्याच घरांची सोयरीक गोव्यात आहे म्हणून मुद्दाम सांगते : पोर्तुगालचा पासपोर्ट काढलेला पाहुणा म्हापशात बसून जरी पैसे देत असला, तरी कायद्याच्या लेखी तो परदेशी. पासपोर्टची झेरॉक्स पावतीच्या स्थळप्रतीला टाचून ठेवा. पाहुणा रागावेल. रागावू दे.

स्कॅनिंगबद्दल एकच. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पुस्तकाचा हक्क त्याच्या वारसांकडे असतो. आधी ज्यांची ६० वर्षं भरून गेलीत ती कपाटं काढा. बुरशीही बहुधा तिथंच लागली असेल.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाला एका भक्तानं थोडे बिटकॉइन दिले. ते खजिनदारांच्या मोबाइलवर होते. विसर्जनाच्या रात्री तो मोबाइल कपिलेश्वर तलावात पडला. खजिनदार म्हणतात पैसे गेले. काही जण वेगळंच म्हणतात. — कार्यकर्ता, शहापूर

उत्तर : वेगळंच काय म्हणतात ते मी वाचलं, छापत नाही.

नाणी मोबाइलमध्ये नसतातच. ती जगभर पसरलेल्या एका वहीत नोंदलेली असतात, मोबाइलमध्ये असते ती फक्त किल्ली. वॉलेट काढताना बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द देतात. ते कागदावर उतरवून ठेवले असतील तर नव्या मोबाइलवर ते ओळीनं टाकायचे, पैसे जिथल्या तिथं दिसतात. खजिनदारांच्या बायकोला विचारा, असले कागद बायकांनाच सापडतात. शब्द लिहिलेच नसतील तर मात्र गणपतीबरोबर किल्लीचंही विसर्जन झालं. इथं शाखाधिकारी नाही, अर्ज नाही, हमीपत्र नाही. वहीत रक्कम जन्मभर दिसत राहील, हात लागणार नाही. जर नाणी एक्स्चेंजच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीच्या) खात्यात ठेवली असतील, तर गोष्ट सोपी आहे. तिथं आधार-पॅन दाखवून खातं पुन्हा उघडता येतं.

आणि "काही जणांना" सांगा, की वॉलेटचा पत्ता मिळाला तर ही वही कुणालाही बघता येते. रक्कम आहे तिथंच पडून आहे की विसर्जनानंतर सरकली, हे पाच मिनिटांत कळेल. पत्ता नसेल तर तो देणाऱ्या भक्ताकडे असणारच. आरोप करायच्या आधी तेवढं करा.

मंडळाच्या बँक खात्यावर अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार ह्यांपैकी दोघांच्या सह्या लागतात ना? तशीच सोय वॉलेटलाही असते, मल्टिसिग म्हणतात. तीन किल्ल्या तीन माणसांकडे, पैसा हलवायला कुठल्याही दोन. एका मोबाइलवर, एका माणसाच्या नावानं मंडळाचा पैसा ठेवणं रोखीतही चूक आणि ह्यातही चूक. ५०,००० रुपयांच्या वरची क्रिप्टो भेट आली तर आयकर खातं ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरतं, आणि वॉलेट खजिनदाराच्या नावानं असेल तर घेणारा मंडळ नव्हे, तो खजिनदार. बिचाऱ्यावर दुहेरी बालंट येईल.

माझीही फजिती सांगून टाकते. पहिल्यांदा एका मोफत सॉफ्टवेअरच्या कामाला दहा डॉलर द्यायला निघाले. पत्ता तीनदा ताडून बघितला, पण पाठवले भलत्याच नेटवर्कवर. आठशेच्या वर रुपये गेले. चौतीस वर्षांत माझ्या कीर्दीत पैशाची चूक राहिली नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रश्न : अक्का, मी टिळकवाडीत राहतो, मराठी-कन्नड शब्दकोशाचं मोफत ॲप लिहितो. कोड सगळ्यांना खुला आहे. परदेशातल्या एका फाउंडेशननं मला २,००० यूएसडीसी नाणी मंजूर केलीत. बाबा म्हणतात हे बेकायदा आहे. मित्र म्हणतो, टेलिग्रामवर गिऱ्हाईक बघ, चांगला भाव आणि लगेच पैसे. घेऊ का? — तुमचा वाचक (वय २३)

उत्तर : आधी शाबासकी. आमच्या लहानपणी असा शब्दकोश असता तर विजेचं बिल वाचायला शेजारच्या कन्नड मास्तरांकडे जावं लागलं नसतं.

बाबांना सांग, बेकायदा नाही. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ह्या व्यवहारांना बँकांची दारं बंद केली होती, ती ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टानं उघडली. चलन म्हणून मात्र मान्यता नाही, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पापासून कर कडक आहे.

तुझा हिशेब असा. यूएसडीसीचा भाव डॉलरला बांधलेला असतो. पैसे आले त्या दिवशी ८५ रुपये भाव होता असं धर. मग १,७०,००० रुपये हे तुझं त्या वर्षाचं उत्पन्न, नेहमीच्या टप्प्यांनी कर. ही रक्कम आणि तारीख वहीत लिही, स्क्रीनचा फोटो काढ. मग तू ते ८७ ला विकलेस, आले १,७४,०००. वरच्या ४,००० वर थेट ३० टक्के, म्हणजे १,२०० आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण १,२४८. विकताना एक्स्चेंज १ टक्का टीडीएस कापेल, १,७४० रुपये. ते विवरणपत्रात परत मागता येतात. आणि भाव ८३ झाला असता तर? तोटा तुझा एकट्याचा. तो दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी नेता येत नाही. म्हणून माझा सल्ला, आल्या दिवशीच विकून टाक. तू कोश लिहितोस, सट्टा खेळत नाहीस.

फाउंडेशनचं पत्र नीट वाच. अमुक काम करून द्यायचं आणि त्याचा अमुक मोबदला, असा करार आणि तुझं बिल, हे सरळ आहे. नेहमीच्या व्यवसायातल्या कामाचं बिल ही परदेशी देणगी होत नाही. नुसतंच "तुमच्या समाजकार्याला भेट" असं लिहिलं असेल तर वर वाचनालयाला सांगितलेला एफसीआरए तुझ्याही दाराशी येऊन उभा राहतो. कराराचा मसुदा सी.ए.ला दाखवल्याशिवाय वॉलेटचा पत्ता देऊ नकोस.

टेलिग्रामचं गिऱ्हाईक? माझ्या भाच्यानं हेच केलं होतं. भाव दोन रुपये जास्त मिळाला, पैसे खात्यात आले आणि नवव्या दिवशी खातं गोठलं. घेणाऱ्यानं दिलेला पैसा दुसऱ्याच राज्यातल्या कुणाला तरी फसवून आलेला होता. पोलिसांची साखळी त्याच्या खात्यापर्यंत पोचली. पगारही अडकला. सात आठवडे तो मेसचे पैसे माझ्याकडून नेत होता. त्याच्या बँकेत मी स्वतः जाऊन आले, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "क्रिप्टो म्हणजे काय मॅडम?" मार्च २०२३ पासून एक्स्चेंजांना पैशाच्या अफरातफरीविरुद्धचा कायदा लागू आहे आणि एफआययू ह्या सरकारी यंत्रणेकडे नोंद करावी लागते. नोंद असलेल्याच एक्स्चेंजवर, तुझ्याच पॅनवर, तुझ्याच खात्यात. दोन रुपये कमी मिळू देत. आणि विकल्यावर रुपये तिथं ठेवू नकोस, लगेच बँकेत आण. जुलै २०२४ मध्ये आपल्याकडच्या एका मोठ्या एक्स्चेंजवर दरोडा पडून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली, आणि लोकांचे पैसे कित्येक महिने अडकले.

पुढच्या वेळी रुपयांतली दारंही ठोठाव. बंगळूरच्या झिरोधा ह्या शेअर दलाल कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड जाहीर केला, खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलर. फॉस युनायटेड हे प्रतिष्ठानही भारतातल्या अशा कामांना ग्रँट देतं. त्यात वॉलेट नाही, भाव नाही, बाबाही शांत.

प्रश्न : बाईसाहेब, हा सट्ट्याचा पैसा. वीजही गावंच्या गावं खाते म्हणे. असल्या पैशानं ज्ञानदान करावं का? शिवाय हे "पब्लिक गुड्स" म्हणजे काय हो? मराठीत शब्द नाही का? — निवृत्त मास्तर, येळ्ळूर

उत्तर : मास्तर, शब्द आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात "सार्वजनिक वस्तू" म्हणतात. मला तो आवडत नाही, सरकारी कपबशीसारखा वाटतो. आपल्याकडे "गावकीचं" म्हणतात, त्यात सगळं आलं. एकानं वापरलं म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही आणि पैसे दिले नाहीत म्हणून कुणाला अडवता येत नाही, ते गावकीचं. रस्त्यावरचा दिवा तसा. गावची विहीर मात्र अर्धीच, मे महिन्यात ती कमी पडते. खुलं सॉफ्टवेअर पुरं गावकीचं. वरच्या पोराचा कोश लाख माणसांनी वापरला तरी झिजणार नाही. पण म्हणूनच त्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न राहतो. वाचनालयांसाठी कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यानं घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला. पोराच्या कोशाला कुठली घरपट्टी?

विजेचं म्हणाल तर बिटकॉइनबद्दल तुमचं खरं आहे. इथेरियमनं सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलली, त्याचा वीजखर्च ९९ टक्क्यांहून जास्त उतरला.

सट्ट्याबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. पण एक गोष्ट ऐका. एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट, आपल्याकडेही ऑक्सिजनसाठी धावाधाव. पॉलिगॉन ह्या क्रिप्टो नेटवर्कचे संदीप नेलवाल ह्यांनी क्रिप्टोतून मदतनिधी उभा केला. मे महिन्यात विटालिक ब्युटेरिन ह्यांनी त्यात शिबा इनू नावाची नाणी टाकली. कुत्र्याच्या नावाची, त्यांनी न मागता कुणी तरी त्यांच्या वॉलेटात आणून ओतलेली. कागदावरची किंमत सुमारे १०० कोटी डॉलर! ते देणार हे बाजाराला कळताच भाव गडगडला, कारण एवढा माल घेणार कोण? तरी जे हाती लागलं त्यातून मोठं काम झालं, आणि २०२२ च्या जानेवारीत निधीनं १० कोटी डॉलर साथीच्या संशोधनासाठी ब्युटेरिन ह्यांच्याकडे परत सोपवले. म्हणून मी म्हणते, पैसा सट्ट्याचा असो नाहीतर सुपारीच्या बागेचा, रुपयांत खात्यावर पडेपर्यंत जमेला धरू नका. पतसंस्थेत "येणे" आणि "जमा" हे दोन रकाने उगाच नव्हते.

ह्यातली एक रीत तुम्हाला आवडेल. ऑप्टिमिझम नावाच्या नेटवर्कनं २०२१ साली पहिल्यांदा १० लाख डॉलर वाटले, पण अर्जातल्या स्वप्नांना नव्हे. ज्यांनी आधीच काम करून ठेवलं होतं आणि ते लोकांच्या उपयोगी पडलं, त्यांना मागाहून. तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःची ३ कोटी नाणी वाटली. भाचा हे अगदी नवलाईनं सांगत होता. मी म्हटलं, हे तर बलुतं! सुतार-लोहार वर्षभर नांगर नीट करायचे आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा न्यायचे. भाचा गप्प झाला. मग तोच म्हणाला, "पण आत्ती, खळ्यावर माप कुणाच्या हातात असायचं?" तो मुद्दा बरोबर आहे. ऑप्टिमिझमच्या खळ्यावरही निवडलेले काही लोक मत द्यायचे, आणि ज्याचं काम लांबून दिसत नाही त्याच्या पदरात कमीच पडायचं. बलुत्यातही तसंच व्हायचं, मास्तर. ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

ज्ञानदान करावं का? मी करीन. पण ज्या गावात लोक दहा रुपये वर्गणी द्यायला तयार आहेत तिथं आधी ते दहा रुपये घेईन.

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाला व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय, की परदेशी क्रिप्टो ग्रँट पाच लाखांची मंजूर झाली आहे. प्रोसेसिंगसाठी साडेआठ हजार आधी भरायचे आणि वॉलेटचे बारा शब्द "व्हेरिफिकेशन"साठी पाठवायचे. उद्या शेवटची तारीख. — गटप्रमुख, निपाणी

उत्तर : "उद्या" वाचून मी अंकाची वाट न बघता फोन केला होता. बाकीच्यांसाठी छापते. ग्रँट देणारा आधी पैसे मागत नाही, आणि बारा शब्द जगात कुणीही, कुठल्याही कारणानं विचारत नाही. पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकं कठीण. गटानं पैसे भरले नव्हते. पण त्या "ग्रँट ऑफिसर"नं दुसऱ्या दिवशी गटातल्या आणखी एका बाईंना अभिनंदनाचा मेसेज टाकला, तुमचाही अर्ज मंजूर म्हणून. बाईंचा मोबाइल साधा बटणाचा, मेसेज वाचला तो नातवानं, आणि त्यानं उलट उत्तर टाकलं, की साडेआठ हजार ग्रँटमधूनच कापून घ्या आणि उरलेले द्या. अजून तरी उत्तर आलेलं नाही.